कड्यावरून उतरवलेला माल

रविवारी संध्याकाळी भूपेंद्र पाटलाने पाठीवरची बॅग घरातल्या चटईवर उलटी केली, तेव्हा आतून चार चकचकीत कड्या आणि एक जाडजूड पट्टा खणखणत बाहेर पडला.

"हे काय घेऊन आलात?" धनश्रीने विचारलं.

"कचरा. लोक डोंगरावर जातात आणि सामान तिथंच टाकून येतात. मी सगळं काढून आणलं."

"कचरा एवढा चकचकीत असतो?"

भूपेंद्र आठवडाभर कापड मार्केटात साड्यांच्या घड्या घालायचा आणि रविवारी योगराजच्या ग्रुपबरोबर डांगच्या डोंगरांतले कडे चढायचा. हा छंद त्याला नवाच लागला होता. त्या दिवशी तो सगळ्यांत शेवटी चढला. दोर योगराजने वरून धरला होता. वाटेत खडकातल्या खिळ्यांना या कड्या लटकत होत्या. दाबलं की उघडणाऱ्या, सोडलं की मिटणाऱ्या. भूपेंद्रने एकेक काढून पिशवीत टाकली. वर पोचल्यावर एका खडकाभोवती गुंडाळलेला पट्टा दिसला. योगराज दोर गुंडाळत होता, तोवर याने पट्टाही सोडवला आणि दोघं मागच्या पायवाटेने खाली उतरले.

आणलेला माल लगेच कामाला आला. शेजारच्या इंदुबाईंच्या झोपाळ्याचे आकडे तुटून तो बरेच दिवस भिंतीला टेकून उभा होता. भूपेंद्रने एका बाजूला कड्या लावल्या आणि दुसऱ्या बाजूला तो पट्टा बांधला. इंदुबाई ज्या बाजूला बसतात, त्या बाजूला मुद्दाम पट्टा. कारण तो जाड होता.

"माणसं वरथून खाली लटकतस यावर," तो इंदुबाईंना त्यांच्याच अहिराणीत म्हणाला. "तुम्हले काय व्हणार शे?"

मग त्याने झोपाळ्याचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'डोंगर स्वच्छ, शेजारी खूश.' भराभर अंगठे आले. भूपेंद्र प्रत्येक अंगठा धनश्रीला दाखवत होता.

सोमवारी दुपारी ग्रुपमधल्या कतारगामच्या चंचलबेनचा मेसेज आला.

'भाई, ए तो मारां छे! त्या कड्या मी मुद्दाम लावून ठेवल्या होत्या. ती वाट अजून मला जमत नाही, दर रविवारी थोडी थोडी करते. दुसऱ्याचं लावलेलं सामान विचारल्याशिवाय काढायचं नसतं, एवढंही कळत नाही?'

ज्यांनी अंगठे दिले होते, त्यांनी ते एकेक करून मागे घेतले. एकाने लिहिलं, 'असल्या माणसाला ग्रुपमध्ये ठेवूच नका.' भूपेंद्रने साडीची घडी उलटी घातली आणि शेठच्या शिव्या खाल्ल्या.

संध्याकाळी योगराज आणि चंचलबेन दोघंही डिंडोलीला भूपेंद्रकडे आले. चंचलबेन बूटही न काढता सरळ शेजारच्या झोपाळ्यापाशी गेली. पण झोपाळ्यावर इंदुबाई बसल्या होत्या आणि त्यांचा उठायचा विचार नव्हता.

"मावशी, उतरा ना. या माझ्या कड्या आहेत," चंचलबेन म्हणाली.

"तुन्या व्हतीन. पन हिंचका मना शे."

"मावशी, उतरा हो," भूपेंद्र काकुळतीला आला. "मी उद्या लोखंडी साखळी आणून देतो."

"कसाले साखळी? हाई कितलं मजबूत शे, देख!" असं म्हणून इंदुबाईंनी पाय टेकवून जोरात रेटा दिला.

झोपाळा एकदा पुढे गेला, मागे आला, आणि फाटकन आवाज झाला.

इंदुबाई शेजारी ठेवलेल्या, घरी लेस लावायला आणलेल्या साड्यांच्या गठ्ठ्यावर पडल्या म्हणून वाचल्या. "मरी गऊ व माय!" असं त्या एवढ्या दमाने ओरडल्या, की त्या धडधाकट आहेत हे सगळ्यांनाच कळलं. तरी धनश्रीने त्यांना हात देऊन बसवलं, कंबर चोळली, पाणी पाजलं.

कड्यांना काहीच झालं नव्हतं. तुटला होता तो पट्टा. योगराजने तुकडा उचलला. बाहेरून उन्हाने पांढरा पडलेला, आतून भुसभुशीत. नखाने खरवडला तर दोरे गळत होते.

"हा कुठला?"

"वरच्या खडकाभोवतीचा," भूपेंद्र पुटपुटला. "तुम्ही दोर गुंडाळत होतात तेव्हा..."

योगराजने तुकडा चंचलबेनपुढे धरला. रविवारी योगराज आणि भूपेंद्र सोडून बाकी सगळा ग्रुप आधीच त्याच पट्ट्यात दोर अडकवून खाली उतरला होता. त्याआधीचे कित्येक रविवारही. कुणी लावला, कधी लावला, कुणी विचारलं नव्हतं.

"तू काढला नसतास तर..." चंचलबेन हळूच म्हणाली. नंतर मात्र सावरून म्हणाली, "तरीपण माझ्या कड्यांना हात लावायचा नव्हता."

"नाही लावणार," भूपेंद्र म्हणाला.

योगराजने घाम पुसला. "येत्या रविवारी नवा पट्टा बांधू. भूपेंद्र, तूही ये. यापुढे दुसऱ्याचं विचारल्याशिवाय काढायचं नाही, आणि तपासल्याशिवाय त्यावर लटकायचंही नाही."

"आणि नव्या पट्ट्यावरून पहिलं कोण उतरणार?" चंचलबेनने विचारलं.

योगराजने भूपेंद्रकडे पाहिलं. भूपेंद्रने नकळत इंदुबाईंकडे पाहिलं.

"मनाकडे काय देखस रे भो?" कंबरेवर हात ठेवून इंदुबाई म्हणाल्या. "मना नंबर लागी गया!"