मुखपृष्ठावरचा राक्षस

एका जंगलात सगळ्यांना खाज सुटली होती. साधीसुधी नव्हे. हरणं झाडांना अंग घासत. माकडं एकमेकांना खाजवत. हत्ती टेकडीलाच पाठ लावून उभा राही, आणि टेकडी दर वर्षी थोडी झिजे. दरबारात सिंह महाराज बोलता बोलता थांबत, मागचा पाय उचलून कान खाजवत आणि मग विचारत, "हां, आपण कुठे होतो?" कुठेच नसत.

हसू नका, मुलांनो. तुमचाही हात डोक्याकडे गेलाय, मी पाहिलंय.

पण सगळ्यात वाईट हाल मुकुंदा साळिंदराचे. बाकीच्यांना निदान खाजवता तरी येत होतं. याच्या पाठीवर हे एवढे काटे! झाडाला पाठ घासावी तर काटे झाडात रुतायचे. एकदा बिचारा पिंपळाला अडीच दिवस चिकटून होता. त्याच्या पाठीला हात लावणार कोण? सेनापती जनाक्का अस्वलीण तेवढी जाड कातडीची. ती म्हणाली होती, "मुकुंदा, तू औषध शोध. तुझी पाठ मी चोळून देईन. शब्द देते."

त्या शब्दावर मुकुंदाने नऊ वर्षं संशोधन केलं.

त्याच्याकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक होता. जंगलात कुठून आला, ते विचारायचं नाही. गोष्टीत येतो. एके दिवशी महाराजांच्या कानातून गळलेली खपली त्याने यंत्राखाली धरली, आणि सापडला की चोर! आठ पायांचा, गोल गरगरीत किडा. इतका बारीक, की खसखशीच्या एका दाण्यावर चौघं जण पंगत मांडून बसले असते. पुढे उपायही सापडला. कडुनिंबाचा पाला वाटायचा आणि केसांच्या मुळाशी चोळायचा, सात दिवस. बस्स. मुकुंदाला इतका आनंद झाला की सगळे काटे खुळखुळले.

आता हे जंगलाला सांगायचं कसं? तिथे 'वनविज्ञान' नावाची पत्रिका निघे. पानं एकशेवीस, पण बघत सगळे एकच, मुखपृष्ठ. ते फाडून जो तो आपल्या गुहेच्या दाराशी चिकटवी. आतली पानं थंडीत अंथरायला उत्तम. म्हणजे औषध घरोघरी पोचवायचं तर मुखपृष्ठच मिळवायला हवं होतं.

संपादक होता नीलकंठ मोर. त्याने किड्याचा फोटो पाहिला आणि चोच मुरडली. म्हणाला, ही काय राख सांडलीय, रंग कुठेत? मुकुंदाने समजावलं की या यंत्राला रंग दिसतच नाहीत. फोटो करडे येतात, मग ओळखायला सोपं जावं म्हणून शास्त्रज्ञ त्यांत हाताने रंग भरतात. एवढं ऐकायचा अवकाश, मोराने रंगांची पेटीच उघडली. पाय जांभळे केले. पोट लालभडक. मग दोन मोठे पिवळे डोळे काढले.

"याला डोळे नसतात," मुकुंदा म्हणाला.

"वाचकांना असतात," मोर म्हणाला.

मग त्याची नजर कोपऱ्यात गेली. तिथे एक छोटी पांढरी रेघ होती, आणि खाली लिहिलं होतं, 'ही रेघ म्हणजे मुंगीच्या मिशीची जाडी.' हिला मोजपट्टी म्हणतात. ती नसली तर चित्रातली वस्तू केवढी, हे कळायला मार्ग नाही. ती मोराच्या डोळ्यात खुपली. शिवाय त्या जागी त्याला स्वतःचं नाव हवं होतं. त्याने ती कापून टाकली. मुकुंदा नको म्हणणार होता, पण नेमकी त्याच वेळी त्याची पाठ अशी खाजली, की तो घाईघाईने हो म्हणून बसला.

अंक निघाला. महाराजांनी मुखपृष्ठ पाहिलं आणि ते सिंहासनाच्या मागे जाऊन बसले.

"हा केवढा आहे?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"खसखशीहून लहान, महाराज."

दरबार खो खो हसला. चित्रात तर तो पानभर होता, वर पाय कागदाबाहेर गेलेले. छापलेलं कधी खोटं असतं का?

"राहतो कुठे?"

"आपल्या कानात, महाराज."

आता कोणी हसेना. जनाक्काने मुकुंदाला हळूच मागे ओढलं आणि सांगितलं, नऊ वर्षं एकटं बसलं की असं होतं, जरा चार लोकांत मिसळत जा. महाराजांनी ठरवून टाकलं की राक्षस डोंगरापलीकडून चालून येणार. जंगलाभोवती खंदक खणले. वेशीवर हत्ती उभे केले. सगळे दूर डोळे लावून बसले, आणि बसल्या बसल्या खाजवू लागले. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

मुकुंदाने कडुनिंबाचं सांगून पाहिलं. एवढ्या राक्षसाला पाला, म्हणून माकडंसुद्धा हसली. चूक दुरुस्त करा म्हणून तो मोराकडे गेला. मोर सज्जन होता. त्याने दुरुस्ती लगेच छापली, पान एकशे अठरा, अगदी तळाला. त्या पानावर सशाची पिल्लं गाढ झोपली.

तीन दिवस मुकुंदा रडकुंडीला आला होता. चौथ्या दिवशी त्याची ट्यूब पेटली. किडा एवढा मोठा झाला, तर औषधाने का लहान राहायचं? तो तडक दरबारात गेला.

"महाराज, हा राक्षस एकाच गोष्टीला भितो. कडुनिंबाचं चिलखत. सात दिवस, केसांच्या मुळापर्यंत. कानातसुद्धा."

चिलखत म्हटल्यावर काय विचारता! जंगलभर पाटे-वरवंटे घरघरले. हत्ती हिरवे, हरणं हिरवी, महाराजांची आयाळ हिरवीगार. मुकुंदा वाटी घेऊन जनाक्काकडे गेला, तर ती म्हणाली, आधी सैन्य, मग तू. तो थांबला. नऊ वर्षं थांबला होता, आणखी सात दिवसांचं काय.

आठव्या दिवशी राक्षस आला नाही. नवव्या दिवशीही नाही. आणि गंमत म्हणजे खाजही गेली! महाराजांनी नऊ वर्षांत प्रथमच एक वाक्य पूर्ण केलं. ढोल वाजले. हत्ती नाचले. मुकुंदाही नाचला, जरा लांबून.

पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठावर हिरवे महाराज होते. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'राक्षस पळाला, खाज संपली.'

मुकुंदा पुन्हा वाटी घेऊन जनाक्काच्या गुहेशी गेला. नवं मुखपृष्ठ दाराशी चिकटवलेलंच होतं.

"अक्का, आता माझी पाठ."

जनाक्काने चित्राकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याची खरोखर दया आली.

"अरे मुकुंदा, खाज संपली. हे बघ, छापलंय."

"अक्का, मला खाजतंय."

"मनाचे खेळ असतात रे," ती मायेने म्हणाली. "जरा वाचत जा."

तात्पर्य : सत्य फार बारीक निघालं तर खचून जाऊ नये. त्याची मोजपट्टी कापावी आणि त्याला दोन डोळे काढावेत. ते मोठं होतं आणि सगळ्यांचं भलं करतं. फक्त अंक छापायला देण्याआधी आपली पाठ चोळून घ्यावी.