पाचवा मुद्दा

गुरुवारी सकाळी सव्वादहा वाजता, इमारतीतले लोक ज्यांना पाठीमागे 'अटीशर्ती' म्हणत ते गृहस्थ खिडकीत उभे राहून समोरच्या शिडीकडे कौतुकाने पाहत होते. शिडीवर नगर कार्यालयाचा एक माणूस होता आणि रस्त्यावरून आडवी गेलेली एक काळी वायर तो भल्यामोठ्या कात्रीने कापायच्या बेतात होता.

"अगं, बाहेर ये. कायदा बघायचाय का तुला?"

"हं," आतून बायको म्हणाली.

हे 'हं' बारा वर्षं जुनं होतं. नवऱ्याने इंटरनेट कंपन्या, सॉफ्टवेअर किंवा त्यांचे कायदे यांपैकी कशावरही मत दिलं की ती 'हं' म्हणे आणि हातातलं काम चालू ठेवी. त्यात राग नव्हता, होकार नव्हता, ऐकणं तर मुळीच नव्हतं.

अटीशर्ती वजनमापे कार्यालयात निरीक्षक होते. तराजू खोटा असला की त्यांना रात्रीचं जेवण जात नसे. नोकरीतला हा स्वभाव त्यांनी घरीही लावला होता. इंटरनेटचा वेग ते दिवसातून तीनदा मोजत आणि एका जाड वहीत लिहून ठेवत. सेवा बंद पडली तर वेळ, अवधी आणि शेवटच्या रकान्यात कारण. चार वर्षांत त्या शेवटच्या रकान्यात 'कळले नाही' याखेरीज दुसरं काही लिहायची वेळ आली नव्हती. 'मान्य आहे' हे बटण दाबण्यापूर्वी ते सगळ्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत, म्हणून ते टोपणनाव. घरात आलेलं कपडे धुण्याचं नवं यंत्र तीन आठवडे खोक्यात पडून होतं, कारण ते चालू करण्याआधी त्याला फोनमधले सगळे नंबर बघायचे होते. "कपडे धुवायला माझ्या मित्रांचे नंबर कशाला लागतात?" असं त्यांनी कंपनीला पत्र लिहून विचारलं. प्रश्न बिनतोड होता. उत्तर येईपर्यंत बायकोने हाताने कपडे धुतले.

पण आजचा दिवस वेगळा होता. इंटरनेट कंपन्यांमध्ये खरी स्पर्धा आहे की नाही, यावर एका आयोगाने नागरिकांची मतं मागवली होती. हजारो मतांतून चाळीस जणांना प्रत्यक्ष बोलायला निवडलं होतं, तेही घरबसल्या पडद्यावरून, प्रत्येकी पाच मिनिटं. अटीशर्तींचा क्रमांक सतरावा, वेळ अकरा वीस. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं ऐकणार होतं आणि ऐकायची त्या लोकांची नोकरीच होती. त्यांनी पाच मुद्दे काढले होते. पाचवा हुकमी होता. गल्लीत इतकी वर्षं एकच कंपनी होती. अटीशर्तींनी एकतीस अर्ज केले, आणि गेल्या महिन्यात दुसरी आली. स्पर्धा आली म्हणजे ग्राहक वाचतो, हे ते आपल्याच घराचं उदाहरण देऊन सांगणार होते. दगाफटका नको म्हणून त्यांनी दोन्ही कंपन्यांची जोडणी घेऊन ठेवली होती. टेबलावर निळं यंत्र आणि नारिंगी यंत्र शेजारी शेजारी बसवलं होतं. बायकोने शर्टाला इस्त्री करून दिली होती.

आता ती वायर. आठ महिन्यांपूर्वी त्यांनीच तिच्याविरुद्ध तक्रार केली होती. रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येक वायरीवर मालकाच्या नावाची पट्टी हवी असा नियम आहे. या वायरीवर काहीच नव्हतं, आणि चिठ्ठीशिवाय लोंबकळणारी वस्तू वजनमापांच्या माणसाला बघवत नाही. कात्री चालली, वायर सळसळत रस्त्यावर पडली, आणि अटीशर्तींनी समाधानाने मान डोलावली.

मागून मुलीचा आवाज आला. "बाबा, हे लाल झालं."

निळ्या यंत्राचा दिवा लाल झाला होता. अटीशर्ती हसले. "म्हणून तर दुसरी घेतलीय. याला म्हणतात स्पर्धा."

"तेही लाल आहे."

त्यांनी दोन्ही यंत्रं बंद करून चालू केली. मग बटणं, तारा आणि फ्यूज पाहिला. मुलगी कॉलेजात होती आणि तिला वडिलांइतकं कळत नसे, त्यामुळे तिला सरळ दिसलं. "बाबा, ती वायर कापली म्हणून तर नाही ना?"

"ती बेनामी वायर होती. आपल्या दोन्ही कंपन्या नोंदणीकृत आहेत," असं म्हणता म्हणता ते खिडकीशी जाऊन खाली पडलेल्या वायरीकडे पाहू लागले.

त्यांनी निळ्या कंपनीला फोन लावला. "तासाभरात दुरुस्ती झाली नाही तर मी तुमच्या प्रतिस्पर्ध्याकडे जाईन."

"अवश्य सर," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "माणूस पाठवलाय. आणखी काही मदत?"

नारिंगी कंपनीलाही त्यांनी हेच ऐकवलं. तिथेही आवाज गोड होता आणि माणूस पाठवलेला होता. घड्याळात अकराला पाच कमी होते.

"माझ्या फोनवरून बोला ना," बायको म्हणाली. त्यांच्या स्वतःच्या फोनमधून त्यांनी तत्त्व म्हणून इतक्या गोष्टी काढून टाकल्या होत्या की त्यावरून फक्त फोन करता येई. बायकोचा फोन चांगला होता, पण त्यावर आयोगाचं ॲप घ्यावं लागणार होतं. ते आलं, आणि पडद्यावर अटी उघडल्या. सत्तावन्न पानं.

अटीशर्तींनी चष्मा लावला.

"अहो, आत्ता?"

"सही करण्यापूर्वी वाचायला नको? हे बघ, पान दोन. यांच्याशी भांडण झालं तर आपण कोर्टात जायचं नाही, असं आधीच कबूल करून घेतायत. माझा तिसरा मुद्दा नेमका हाच आहे."

"तिसरा मुद्दा तिकडे मांडा. मला काय सांगताय?"

अकरा बारा झाले तेव्हा ते चौथ्या पानावर होते. मुलीने मागून हात घातला आणि अंगठ्याने 'मान्य आहे' दाबलं. अटीशर्ती तिच्याकडे पाहतच राहिले. बारा वर्षांचं ब्रह्मचर्य मोडावं तसा त्यांचा चेहरा झाला होता, पण बोलायला वेळ नव्हता.

अकरा वीसला पडद्यावर आयोगाचे तीन सदस्य आणि एक सचिव दिसले. सचिव म्हणाले, "क्रमांक सतरा. बोला."

"नमस्कार. माझा पहिला मुद्दा असा, की सॉफ्टवेअर हल्ली विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं, आणि घरमालक वाटेल तेव्हा कुलूप बदलतो..."

पडद्यावरचे चारही जण थिजले. एका सदस्याचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. झालं होतं असं, की वायर कापल्यामुळे सगळ्या गल्लीचं इंटरनेट गेलं होतं आणि सगळी गल्ली मोबाईलवर आली होती. एवढ्या मोठ्या गर्दीत अटीशर्तींचा पहिला मुद्दा कुठेतरी चेंगरला. ते गॅलरीत गेले, जिन्यात गेले, शेवटी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढून फोन छताला लावून बोलू लागले. बायकोने स्टूल धरलं. मध्येच चित्र हललं, सदस्याचा कप रिकामा होऊन खाली आलेला दिसला, आणि सचिवांचा आवाज अगदी स्वच्छ आला.

"क्रमांक सतरा अनुपस्थित. क्रमांक अठरा."

अटीशर्ती स्टुलावर तसेच उभे राहिले. थोड्या वेळाने बायको म्हणाली, "उतरा आता." ते उतरले. टेबलापाशी बसले, वही उघडली, दहा वाजून सतरा मिनिटे, सेवा बंद, असं लिहिलं, कारणाचा रकाना कोरा सोडला आणि पेन खाली ठेवलं. बारा वर्षं माणसाने एका गोष्टीची वाट पाहावी आणि ती स्वयंपाकघरात छताखाली संपावी, याचं त्यांना रडू येत होतं. इस्त्रीचा शर्ट घामाने भिजला होता.

तेवढ्यात त्यांच्या साध्या फोनवर नगर कार्यालयाचा संदेश आला. 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. आमच्या तत्परतेला किती तारे द्याल?'

दुपारी बारा वाजता दारावर निळ्या शर्टातला दुरुस्तीवाला आला. त्याने निळं यंत्र पाहिलं, खिडकीतून खाली पाहिलं, आणि मान हलवली. "वायर तोडलीय साहेब कुणीतरी. संध्याकाळ होईल." त्याने फोनवर काहीतरी नोंद केली. मग पिशवीतून नारिंगी शर्ट काढला, निळ्यावरच चढवला, बटणं लावली आणि नारिंगी यंत्रापुढे जाऊन बसला.

अटीशर्तींनी आधी शर्टाकडे, मग यंत्राकडे बोट दाखवलं. "तुम्ही दोन्ही कंपन्यांचे?"

"मी ठेकेदाराचा. तुमच्या दोन तक्रारी आहेत ना? निळी झाली, आता ही नोंदवतो. त्या त्या कंपनीच्या शर्टाशिवाय फोटो घेत नाही ते ॲप."

"आणि वायर?"

"वायर एकच आहे, साहेब. ठेकेदाराची. दोघंही तिच्यातूनच देतात." तो समजुतीने म्हणाला. "तिसरी कंपनी पण येतेय. हिरवा शर्ट शिवायला टाकलाय."

दुरुस्तीवाला गेल्यावर मुलगी वडिलांपाशी येऊन बसली. "बाबा, म्हणजे तुझा पाचवा मुद्दा..."

"खोटा होता," अटीशर्ती म्हणाले. "आयोगापुढे मी छातीठोकपणे सांगणार होतो, आमच्या गल्लीत स्पर्धा आली म्हणून. चार वर्षं वेग मोजला, पण वायर मोजली नाही. आणि एकच होती ती, तीही मीच कापवली."

स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात, पण त्यासाठी आठ महिने पाठपुरावा करणारा विरळाच. त्यांना हे कळत होतं, म्हणून ते जेवले नाहीत. बायकोने आग्रह केला नाही, ताट झाकून ठेवलं.

संकट तेवढ्यावर थांबलं नाही. नगर कार्यालयाने जाताना फाटकावर कागद चिकटवला होता. 'सदर वायर तक्रारदाराच्या विनंतीवरून हटविण्यात आली', आणि खाली तक्रारदाराचं पूर्ण नाव, मजला, खोली क्रमांक. संध्याकाळी सहाच्या सुमारास इमारत जिन्यात जमली. पुढे वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई होत्या, त्यांचे चौदा विद्यार्थी सकाळपासून अर्ध्या गणितात अडकले होते. त्यांच्यामागे तळमजल्यावरचे चष्मेवाले काका आणि बरीच मंडळी होती.

"तुमचं नाव आहे खाली," बाई म्हणाल्या.

"मुळात ते छापणंच बेकायदेशीर आहे," अटीशर्ती म्हणाले. "खाजगी माहितीचा भंग होतो."

"तो झाला तर झाला. वायर तुम्ही कापायला लावलीत की नाही?"

अटीशर्तींनी जिन्यातल्या सगळ्यांकडे पाहिलं. आता लपवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. "लावली. का, ते सांगतो. पाच मिनिटं लागतील."

एरवी 'पाच मिनिटं' ऐकून जिना रिकामा झाला असता. पण घरी जाऊन करायचं काय? पडदे काळे होते, फोन रडतखडत चालत होते. चष्मेवाले काका पायरीवर बसले. मग बाईही बसल्या. अटीशर्ती बोलू लागले.

पहिल्या मुद्द्याला काका हसले. दुसऱ्याला बाई म्हणाल्या, "अहो, माझ्या शिकवणीचं ॲप असंच एके दिवशी बदललं, कुणी विचारलंसुद्धा नाही." तिसऱ्या मुद्द्याला एकूणएक माणसाने कबूल केलं की त्याने जन्मात अटी वाचलेल्या नाहीत. चौथ्याला मागची मंडळीही पायऱ्यांवर बसली. अटीशर्तींचा आवाज आता ठाम झाला होता. दाराच्या चौकटीला टेकून बायको उभी होती, आणि ती 'हं' म्हणाली नव्हती.

"आणि पाचवा मुद्दा," अटीशर्ती म्हणाले. "तो मलाच आज दुपारी बारा वाजता कळला."

"कुठला?" काका पुढे सरकले.

त्याच क्षणी काकांच्या खिशात काहीतरी टुणकन वाजलं. मग बाईंच्या हातात, मग वर, मग खाली, सगळ्या जिन्यात टुणटुण सुरू झाली. रस्त्यावरून दुरुस्तीवाल्याची हाक आली, "आलं का?"

"आलं," असं सगळा जिना एका सुरात म्हणाला आणि उठला. बाई दोन दोन पायऱ्या चढून गेल्या. काका जाताना म्हणाले, "उरलेलं पुन्हा कधीतरी ऐकू हं." मिनिटभरात जिन्यात अटीशर्ती आणि दिवा एवढेच राहिले. मुलगीही आत गेली होती, तिचं काहीतरी दिवसभर अडलं होतं.

ते घरात आले. निळ्या यंत्राचा दिवा हिरवा होता, नारिंगीचाही हिरवा होता. ते टेबलापाशी बसले आणि दिवसभर न पुसलेल्या चष्म्यातून भिंतीकडे पाहू लागले. त्या भिंतीवर पाहण्यासारखं काही नव्हतं.

बायकोने झाकलेलं ताट त्यांच्यापुढे आणून ठेवलं. मग टेबलामागे वाकली आणि एकामागून एक दोन्ही यंत्रांची बटणं बंद केली. आतल्या खोलीतून मुलगी ओरडली, "आई, परत गेलं."

"गेलं तर गेलं. बाहेर ये." ती खुर्ची ओढून नवऱ्यासमोर बसली. "सांगा. पाचवा कुठला?"

अटीशर्तींनी तिच्याकडे पाहिलं. आधी सवयीने वही पुढे ओढली आणि लिहिलं. सहा वाजून बावन्न मिनिटे. सेवा बंद. मग पेन शेवटच्या रकान्यापाशी आलं आणि तिथे थांबलं. चार वर्षांत पहिल्यांदाच नोंद करतानाच त्यांना कारण माहीत होतं.