नंबर न लागलेला एक दाखवा

भास्कर सोहोनी मंडईत ढिगाच्या वरचा टोमॅटो कधीही घेत नसत. बाही सारून ते हात थेट तळाशी घालत, डोळे मिटत आणि एकेक टोमॅटो चाचपून बाहेर काढत. ढीग कोसळायचा. टोमॅटो गडगडत शेजारच्या कोथिंबिरीत जायचे. गाळ्यावरची बाई ओरडायची, "आजोबा, ढीग हाय त्यो, इहीर न्हाई!" सोहोनी शांतपणे म्हणत, "बाई, वरचे तुम्ही रचलेत. मला माझे निवडू द्या."

ही सवय त्यांना खडकीने लावली. दारूगोळ्याच्या कारखान्यात सारी नोकरी त्यांनी तपासणी खात्यात काढली. बनवणाऱ्याने पुढे केलेला नग तपासायचा नाही, पेटीच्या तळातून आपण उचललेला तपासायचा. आणि तो फसला तर सगळा लॉट परत. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण हा शिरस्ता घरी आला. पुतणीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा मुलाशी एक शब्द बोलले नाहीत, त्याच्या इमारतीच्या वॉचमनशी मात्र अर्धा तास बोलले. हॉटेलात गेले की मेनूकार्ड बाजूला ठेवून शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला विचारत, "आपण ताटात काय टाकून दिलंत, आणि का?" आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी धुतली की आत डोकं घालून बघण्याचा मान त्यांचाच.

मी त्यांचा समोरच्या दारातला शेजारी, दाते. चहा त्यांच्याकडे, पेपर माझ्याकडे, अशी आमची बरीच वर्षांची व्यवस्था. तरीही मी त्यांच्याबद्दल एक गोष्ट पसरवली. त्याविषयीच हे लिहितो आहे.

माझी नात सई. तिचे आईवडील नोकरीसाठी बाहेरगावी, म्हणून ती आमच्याकडे राहते. इंजिनियर झाली, हिंजवडीत नोकरीला लागली आणि एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर केला. निकाल आला तेव्हा तिने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "आजोबा, प्लीज, आत्ता काही विचारू नका." मी विचारलं. तिने आकडा सांगितला. मी म्हणालो, "शंभरपैकी?" मला अजून वाटतं, प्रश्न चुकीचा नव्हता. पण त्यानंतर ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. तिच्या वडिलांनी फोनवर सांगितलं, आणखी एकदा परीक्षेला बस, पण नीट क्लास लावून. त्यानंतर हा विषय बंद. म्हणजे संधी एकच उरली होती आणि पोरीचा धीर सुटला होता. क्लास निवडायचं काम माझ्याकडे आलं.

हे कळताच सोहोनी चपला घालून दारात उभे. "चला. पण त्यांनी दाखवलेलं काही बघायचं नाही."

फर्ग्युसन रस्त्यावरच्या पहिल्या क्लासमध्ये काचेचं दार, थंडगार हवा आणि भिंतभर हसऱ्या मुलांचे फोटो. एक तरतरीत मुलगी समोर बसली. "सर, हे आपले यंदाचे टॉपर्स."

"छान आहेत," सोहोनी म्हणाले. "ह्यातलं कुणी नको. नंबर न लागलेला एक दाखवा."

"सॉरी सर?"

"तुमच्याकडे शिकला आणि तरी नंबर लागला नाही, असा मुलगा. असेल ना एखादा?"

"सर, आपण पॉझिटिव्ह राहू या ना. एक फ्री डेमो लेक्चर अटेंड करा."

"डेमो म्हणजे तुम्ही रचलेला टोमॅटो," सोहोनी म्हणाले. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी फोटोंकडे पाहिलं. तेवढ्यात सोहोनींनी एका फोटोवर बोट ठेवलं. "हा चष्मेवाला समोरच्या क्लासच्या बोर्डावरही आहे. जुळा भाऊ का?"

"नाही सर, त्याने सराव परीक्षा आमच्याकडे दिल्या होत्या."

"आणि शिकला तिकडे?"

"तिकडे त्याने फक्त मुलाखतीची तयारी केली."

"मग अभ्यास कुठे केला?"

मुलगी प्रामाणिकपणे म्हणाली, "घरी असेल, सर."

मग आतून मॅनेजर आले. "काका, आपण मुलीचे कोण?"

"शेजारी."

"मग यांचं काय म्हणणं आहे?" त्यांनी मला विचारलं. माझं म्हणणं इतकंच होतं, की मला घरी जायचं होतं.

त्या दिवशी आम्ही जितके क्लास पाहिले, तितक्या ठिकाणांहून बाहेर काढले गेलो. दुसऱ्या दिवसापासून मी जाणं सोडलं. सोहोनी मात्र रोज जाऊ लागले. इथे माझा संशय सुरू झाला. नात माझी, परीक्षा तिची. हे कशाला उन्हातान्हात हिंडतात? पिशवीत क्लासची रंगीत पत्रकं दिसू लागली. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात ते तरुण पोरांना चहा पाजताना मला बसमधून दिसले. जो माणूस मी सोडून घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला "चहा घेऊन आला असाल" म्हणतो, तो पोरांना चहा पाजतो! वर एके दिवशी तो मॅनेजर रस्त्यात भेटला आणि त्यांना चक्क नमस्कार करून गेला. तो नमस्कार बहुधा घाबरून केलेला होता, हे मला आता कळतं.

संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर मी पाटणकरांना म्हणालो, "सोहोनींना क्लासवाल्यांकडून कमिशन मिळत असेल." मी फक्त शंका काढली होती. रात्रीच्या जेवणापर्यंत ती बातमी झाली आणि सकाळच्या दुधाबरोबर घरोघरी पोचली. त्या महिन्यात टाकी धुतली, तेव्हा सोहोनींना कुणी बोलावलं नाही. ते गच्चीच्या जिन्यात थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. आमचा मजला शेवटचा; मी दाराच्या भोकातून पाहिलं.

सईला मी बजावलं, "सोहोनी आजोबा सांगतील त्या क्लासला जायचं नाही."

"का? मी परवा त्यांच्याबरोबर जाऊन आले. काय सॉलिड माणूस आहे, आजोबा! मुलांना गाठतात, चहा पाजतात आणि शेवटी सगळ्यांना सेम प्रश्न विचारतात."

"कोणता?"

"तुम्हीच जाऊन ऐका."

मी गेलो. ऐकायला नव्हे, पकडायला. अमृततुल्याच्या आतल्या बाकावर सोहोनी पाठमोरे बसले होते, समोर एक दाढीवाला पोरगा. मी मागच्या टेबलावर बसलो आणि पेपर तोंडासमोर धरला.

"सर शिकवतात बरं?" सोहोनी विचारत होते.

"शिकवतात, काका. पण मागच्या बाकावरच्याले ओळखत नाही. नंबर नाही लागला तं मले ग्रुपमधूनच काढून टाकलं."

"बरं. आता शेवटचं. निकालाच्या दिवशी घरी पहिलं वाक्य काय ऐकलंस?"

पोरगा हसला. "तवा मी यवतमाळलेच होतो. बाबा काहीच नाही बोलले, टीव्हीचा आवाज वाढवला. आई म्हणे, पहिले जेवून घे."

सोहोनींनी त्याच्यासाठी आणखी एक क्रीमरोल मागवला. तो खाऊन पोरगा गेला, तरी ते रिकाम्या बाकाकडे बघत बसले. मग मागे न वळता, भिंतीवरच्या आरशातूनच म्हणाले, "या, दाते. पेपर कालचा आहे."

मी समोर जाऊन बसलो.

"माझ्या अजितने हीच परीक्षा दिली होती," ते म्हणाले. "निकालाच्या दिवशी मी कारखान्यातून आलो, दारातच त्याने सांगितलं. मी म्हणालो, 'रिजेक्ट माल घरात कुठे ठेवायचा बाबा?' गंमत हो, दाते. आमच्या खात्यात दिवसभर हेच चालायचं. तोही हसला. पुन्हा काही परीक्षेला बसला नाही." त्यांनी कपबशी जरा सरकवली. "आता लांब असतो. फोन करतो. आईच्या फोनवर. माझ्याशीही बोलतो, तिकडे पाऊस आहे का, थंडी आहे का, वगैरे."

मी विचारलं, "मग क्लासचं काय ठरलं?"

"गणित सगळे सारखंच शिकवतात. सदाशिव पेठेत एक सर आहेत, माडीवर. बोर्डही धड नाही. त्यांना म्हणालो, नंबर न लागलेला एक दाखवा. ते म्हणाले, 'एक कशाला? ऋतुजाचं वाचन कच्चं राहिलं, तिथे मी कमी पडलो. ओंकार तापात पेपरला गेला, त्याला कालच फोन केला होता.' न लागलेल्यांची नावं त्यांना पाठ आहेत. सईला तिथे घाला." ते उठले, पिशवी घेतली. "आणि दाते, कमिशन कुठे मागायचं ते जरा सांगून ठेवा. मला अजून कुणी दिलेलं नाही."

त्यांना माहीत होतं. कुणी सुरू केलं, तेही.

पुढच्या रविवारी मी बाकावर सगळ्यांसमोर सांगितलं, की ती अफवा माझी होती आणि साफ खोटी होती. पाटणकरांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "हे बोलायचे तुम्हाला किती मिळाले?" म्हणून आता लेखी देतो आहे: भास्कर सोहोनींनी कुठल्याही क्लासकडून काहीही घेतलेलं नाही. उलट त्या पोरांच्या चहा-क्रीमरोलचे पैसे त्यांच्याच खिशातून गेले. पाटणकरांनी हे दोनदा वाचावं.

सई माडीवरच्या सरांकडे गेली. सोहोनींनी मात्र आमच्याकडे पेपरला येणं बंद केलं. मी पेपर त्यांच्या दाराच्या कडीत अडकवत असे. संध्याकाळी तो घडी करून माझ्या दारात असे. इतकंच बोलणं.

पुढल्या निकालाच्या दिवशी दुपारी सई तिच्या खोलीत होती, दार लावून. मी बाहेर उभा होतो आणि "किती?" हा शब्द अगदी ओठावर आला होता. तेवढ्यात बेल वाजली. सोहोनी धापा टाकत दारात, हातात मंडईची पिशवी.

"ती जेवली का?"

"नाही. अजून दारच उघडलं नाही तिने. निकाल..."

"तो नाही विचारला. पानं घ्या." चपला काढून ते सरळ स्वयंपाकघरात गेले आणि तिथूनच हाक मारली, "सई, वरणभात आहे. मीही जेवायचा राहिलोय."

दार उघडलं. ती येऊन बसली. सोहोनींनी तिला वाढलं. दुसरा भात घेताना ती स्वतःच म्हणाली, "मागच्यापेक्षा बरे आहेत, आजोबा. पण मला हवं होतं ते कॉलेज नाही मिळणार." ती माझ्याकडे बघत होती. माझ्याआधी सोहोनी बोलले, "तूप घे."

तिने तूप घेतलं. मग जरा हसली.

ते गेल्यावर मी त्यांची विसरलेली पिशवी उघडली. टोमॅटो होते. चार हाताला मऊ लागले, एक फुटलेला. मी तसाच समोरच्या दारात गेलो. "सोहोनी, अहो हे काय आणलंत?"

दार पूर्ण न उघडताच ते म्हणाले, "घाईत होतो. वरचेच घेतले."

आणि मग दार जरा आणखी उघडून, "आता आलाच आहात, तर चहा टाकतो."