पाठ नसलेलं गाणं

पाच आडव्या रेघा.

शिलाई मशीनवर ठेवलेला लॅपटॉप.

"शनिवारी परीक्षा. पाच रेघांवरचं नोटेशन वाचता येईल तोच गायनवृंदात राहील." इति नवे सर.

लिफ्टचे मजले खालून मोजतात.

शंभरपैकी अठ्ठ्याण्णव.

वहिनी अकरा वर्षं वृंदाच्या मागच्या रांगेत गात होती, सगळं कानाने ऐकून. दीर लिफ्टचे प्रोग्राम लिहायचा. "सोप्पंय वहिनी," म्हणत त्याने एका संध्याकाळी प्रोग्राम केला. रेघांवर एक टिंब उमटायचं, वहिनीने त्या सुराचं नाव दाबायचं. आवाज नाही, शेजारी ओरडतात.

कापडं बेतता बेतता वहिनी टिंबं ओळखू लागली. प्रोग्रामने अठ्ठ्याण्णव गुण दिल्यावर तिने तो मागच्या रांगेतल्या तिघींनाही दिला.

शनिवारी सरांनी जुनंच गाणं काढलं. पुढच्या रांगेने ते झोकात म्हटलं. वहिनीलाही ते पाठ होतं, पण आज कानाचं नाही, डोळ्यांचं ऐकायचं असं तिने ठरवलं होतं.

चौघींनी सुरुवात केली. गाणं हळूहळू खाली उतरणारं. चौघी एका दमात वर चढल्या.

"थांबा! कुठं निघालात?"

"पानावर आहे तिथंच, सर."

वहिनीला न्यायला आलेल्या दिराने दारातून पुढे येऊन पान पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "वहिनी, घोळ झालाय. स्क्रीन उंची वरून खाली मोजते. मी लिफ्टसारखी खालून धरली. सगळ्या रेघा उलट्या लागल्या."

"मेल्या! आणि मी तिघींनाही घेऊन बुडाले!"

वहिनी पिशवी उचलू लागली.

"बसा," सर म्हणाले. त्यांनी पान उलटं केलं, सुलटं केलं, पुन्हा पाहिलं. "एकही सूर सुटलेला नाही. सगळे मोजून उलटे. पाठ करणारा माणूस असा चुकतच नाही हो!"

मग त्यांनी पुढच्या रांगेसमोर गुपचूप दुसऱ्याच गाण्याचं पान ठेवलं. "पुन्हा एकदा म्हणा बघू."

पुढच्या रांगेने तेच जुनं गाणं झोकात म्हटलं.

"आता सांगा," सर म्हणाले, "पिशव्या कुणी उचलायच्या?"

प्रोग्राम पहिल्यांदा चालू झाला, त्या संध्याकाळी वहिनीच्या नवऱ्याने विचारलं होतं, "हे खालीवर तर नाही ना झालं?" दीर-वहिनी दोघांनी त्याला गप्प बसवलं होतं.