छत्तीस शब्दांचा पाला

सत्य मुळातच लांबलचक असतं आणि वाचणाऱ्याला घाई असते. या दोघांत समेट घडवून आणण्याचं पुण्यकर्म आमच्या औषधी वनस्पती संशोधन संस्थेचा संक्षेप विभाग गेली एकोणीस वर्षं निमूटपणे करत आला आहे. मी त्या विभागाचा प्रमुख.

विभाग तळमजल्यावर, प्राणिगृहाला लागून आहे. चार टेबलं, चार लाल पेन्सिली आणि एक बंद पंखा (तो दुरुस्त करावा असा अर्ज केला होता, तो संक्षेपासाठी आमच्याकडेच आला). वरच्या मजल्यावर शास्त्रज्ञ जे लिहितात ते खाली येतं, चार टेबलांवरून फिरतं आणि संस्थेच्या पाक्षिकात छापून लोकांच्या घरी जातं. नियम एकच: शब्द गाळायचे, पदरचा एकही घालायचा नाही. म्हणूनच आमच्या पाक्षिकात आजवर एकही खोटा शब्द आलेला नाही. छापलेला प्रत्येक शब्द कुणीतरी खरोखर लिहिलेला असतो, मग तो कशाच्या शेजारी लिहिला होता ही गोष्ट निराळी.

आमच्या संस्थेत उंदरांइतकं सुख कुणाला नाही. आधी त्यांचं यकृत सुजवतात, दाढेला बारीक दोरा बांधून हिरड्या सुजवतात, मूत्रपिंडं सुजवतात आणि मग वनस्पतींचे अर्क देऊन ती सूज उतरवतात. आजवर चार हजार तीनशे बारा उंदीर बरे झाले. (बरे झाल्यावर त्यांचं काय होतं, ते वेगळ्या अहवालात आहे. त्याचा संक्षेप एका शब्दाचा आहे.)

गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या संशोधक बाईंनी एका झुडपाच्या पाल्यावर तीन वर्षं काम केलं आणि एक वाक्य खाली पाठवलं. ते असं: "हा पाला, म्हणजे त्यातला एक शुद्ध घटक, काटेकोर मात्रेत दिल्यास उंदरांच्या यकृताचा, हिरड्यांचा आणि (मात्रा दुप्पट न झाल्यास, कारण झाल्यास उलटेच घडते) मूत्रपिंडाचा दाह कमी करतो, असे प्राथमिक निरीक्षण आहे, माणसांबद्दल आज काहीच म्हणता येत नाही." छत्तीस शब्द. एवढ्यात आम्ही एखादा रोग बरा करतो.

पहिल्या टेबलाने 'शुद्ध घटक' आणि 'काटेकोर मात्रा' काढली, कारण वाचकांच्या घरी तेवढा नाजूक तराजू नसतो. दुसऱ्याने 'उंदरांच्या' काढलं. लोक आमचं पाक्षिक चहा पिताना वाचतात, असं संचालकांचं निरीक्षण आहे. तिसऱ्याने 'प्राथमिक निरीक्षण' उडवलं, कारण एवढ्या मोठ्या इमारतीला असं चाचरत बोलणं शोभत नाही. चौथं टेबल माझं. झुडपाचा फोटो चांगला आला होता, त्याला जागा हवी होती. मी कंस काढला आणि माणसांबद्दलचा मजकूरही काढला. उरलं ते असं: "हा पाला यकृताचा, हिरड्यांचा आणि मूत्रपिंडाचा दाह कमी करतो." नऊ शब्द. पंचाहत्तर टक्के बचत. विभागाला त्या वर्षीची ढाल मिळाली.

बाई अंक घेऊन तावातावाने खाली आल्या. "अहो, निदान माझे उंदीर तरी परत घाला," म्हणाल्या. मी त्यांना दाखवून दिलं की नऊच्या नऊ शब्द त्यांचेच आहेत. त्यांनी ते एकेक करून मोजले आणि त्या वर निघून गेल्या.

माझा थोरला भाऊ आमचं पाक्षिक पहिल्या अंकापासून जपून ठेवतो. दादाची मूत्रपिंडं चार वर्षांपासून कुरकुरत होती. गोळ्या, बेताचं मीठ आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासणं, यावर गाडी बरी चालली होती. त्याने ते नऊ शब्द कापून कपाटाच्या दारावर चिकटवले, गोळ्या फडताळात टाकल्या आणि पाला उकळून सकाळ-संध्याकाळ पेला पेला प्यायला सुरुवात केली.

वहिनींचा फोन आला. "भावजी, तुमच्याच संस्थेतलं आहे ना ते? यांच्या पायांवर सूज आलीय. खरं काय ते सांगा हो यांना."

मी त्याच संध्याकाळी गेलो. "दादा, जरा जपून घे," म्हणालो.

"जपून कुठे लिहिलंय?" त्याने दाराकडे बोट केलं. "अरे, तू तिथे नोकरी करतोस, मी ते वाचतो. छापलंय म्हणजे चार शहाण्यांनी बघितलं असेल की नाही?"

बघितलं होतं, चौघांनीही. आता गाळलेले शब्द कर्मचाऱ्याने खाजगीत परत करू नयेत, असा आमच्याकडे नियम आहे आणि तो मीच केलेला आहे. तेव्हा मी चहा घेतला आणि निघालो. दारात वहिनींना म्हणालो, "लेखी विचारा, म्हणजे संस्थेला उत्तर द्यावंच लागेल."

बिचारीने लेखी विचारलं. "माझ्या यजमानांनी हा पाला पिणे सुरू केल्यापासून गोळ्या बंद केल्या आहेत, पायांची सूज उतरण्याऐवजी वाढली आहे, भूक गेली आहे, घरात कुणालाच चैन नाही, कृपया खरे काय ते सांगावे, आपली आभारी आहे."

पत्रं आमच्याकडे नाव-पत्ता कापून येतात, म्हणजे पक्षपात होत नाही. अक्षर मी ओळखलं. पण अक्षर ओळखणं हा नोकरीतला दोष आहे, आणि 'वाचकांची पत्रे' या सदराला दोनच ओळींची जागा होती. घरातली बेचैनी आणि शेवटची विनवणी आधीच्या टेबलांनी काढली होती. माझ्या वाट्याला 'सूज' आणि 'गेली' यांच्या मधले चार शब्द आले. छापून आलं: "माझ्या यजमानांनी हा पाला पिणे सुरू केल्यापासून गोळ्या बंद केल्या आहेत, पायांची सूज गेली आहे, आपली आभारी आहे."

दादाने ते वहिनींना मोठ्याने वाचून दाखवलं. "बघ, त्या बाईच्या नवऱ्याची उतरली. आपलंच प्रमाण कमी पडतंय." आणि दोनाचे चार पेले केले.

वहिनींनी त्या दिवशी पुन्हा फोन केला. ओरडल्या नाहीत. "भावजी, मी एवढंच लिहिलं होतं का हो?" इतकंच विचारलं. मला लाज वाटली. हे तीन शब्दांचं वाक्य मी तीनदा तपासलं. त्यात गाळण्यासारखं काही नाही.

अकराव्या दिवशी दादाला दवाखान्यात हलवावं लागलं. आता आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, यंत्र त्याचं रक्त गाळून देतं. मी शेजारी बसतो. मागच्या आठवड्यात धीर करून त्याला पूर्ण वाक्य सांगितलं, छत्तीसच्या छत्तीस शब्द. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे उंदरांना गुण आला म्हणतोस?" आणि डोळे मिटून घेतले. तो मला रागावला असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी जन्मात पहिल्यांदा एक मजकूर काहीही न गाळता लिहिला. तो हाच, इथवरचा. कचेरीत बारा जणांना वाचून दाखवला. दोघीतिघींचे डोळे पाणावले. मग अकरा जणांनी विचारलं, "साहेब, पण झुडूप कुठलं?" बारावा भिडस्त, त्याने दुपारी चिठ्ठी पाठवली.

आपलं तसं नाही. आपण सुज्ञ आहात. आपल्याला स्वतःला काही झालेलं नाही, फक्त हिरड्या जरा ठणकतात, किंवा मेहुण्यांचं यकृत सुजलंय, आणि आपण नुसतं माहितीसाठी म्हणून विचारणार आहात, हे मी जाणून आहे. अशांसाठी विभागाने छापील नोंदवही केली आहे. तिच्यात दोन रकाने आहेत: 'झुडपाचे नाव हवे' आणि 'दादांची तब्येत कशी आहे'. पहिल्याला तीनदा पुरवणी पानं जोडावी लागली. दुसरा पुढच्या छपाईत जागेअभावी गाळण्याचा प्रस्ताव असून, कुणाची हरकत असल्यास कळवावी असं आवाहन केलं आहे. अजून एकही हरकत आलेली नाही, आपलीसुद्धा.