मानाचा आटा

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं आणि तळ्याच्या एका कडेला खोल डोह होता. उन्हाळ्यात तळं आटायचं, डोह आटायचा नाही. म्हणून डोहावर सगळ्यांचा डोळा होता.

पूर्वी डोहासाठी मारामाऱ्या व्हायच्या. मग जंगल सुधारलं आणि डोहासाठी होड्यांची शर्यत होऊ लागली. जो पहिला येईल त्याच्या बिऱ्हाडानं वर्षभर डोहात राहायचं, असा कायदा झाला.

होड्या मोटरच्या होत्या. जंगलात मोटर कुठून आली, असं विचारू नका. कोल्हा बोलतो कसा, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत.

आता मोटरविषयी थोडं सांगतो. मला यातलं फार कळतं असं समजू नका. आमच्या घरी मी बदललेला बल्ब दुसऱ्या कुणाला तरी पुन्हा बदलावा लागतो. पण बोधकथा लिहिणाऱ्याला सगळं कळतं, असं धरून चालायची पद्धत आहे.

तर ही होडी चपटी आणि हलकी. पुढे दोन्ही अंगांना दोन पाय फुटल्यासारखे. जोरात निघाली की ती पाण्यावर उचलली जाते आणि तीनच जागी टेकते, पुढचे दोन पाय आणि मागचा पंखा. पंखा मोटरचा, आणि मोटर मागच्या फळीवर टांगलेली. फळीवरची एक मूठ फिरवली की मोटर वर सरकते. उलटी फिरवली की खाली.

मोटर फार खाली असली तर तिचा दांडा पाण्यात ओढत राहतो आणि होडी रडतखडत चालते. वर घेतली की होडी सुटते. पण फार वर घेतली तर पंखा पाण्याऐवजी हवा कापतो. शिवाय मोटरला खालच्या बाजूला बारीक भोकं असतात. त्यांतून ती पाणी पिते आणि थंड राहते. ती भोकं पाण्याबाहेर आली की मोटर तापते आणि जळते. म्हणून मोटर केसभर वर घ्यायची, तळ्यात एक चक्कर मारायची, मोटरमागून पाण्याची धार पडते आहे ना ते बघायचं, आणि मगच पुन्हा केसभर वर घ्यायची. फार कंटाळवाणं काम आहे. मला तर लिहितानाच कंटाळा आला.

सुळकी नावाच्या पाणमांजरीला मात्र कंटाळा नव्हता. तिला दोन पिल्लं होती. मागचा उन्हाळा त्यांनी ओढ्याच्या चिखलात काढला होता. धाकट्याच्या अंगावरची लव गळली होती.

"यंदा माझी पोरं डोहात पोहतील," ती ज्याला त्याला सांगायची.

सपाट खडकावर ती होडी ठेवायची. होडीच्या तळाला वेताची सरळ काठी लावून मागे काढायची आणि पंखा काठीच्या किती खाली येतो ते बोटांनी मोजायची. दीड बोटावर धार नीट पडायची आणि होडी सगळ्यांच्या पुढे जायची. त्याच्या वर गेलं की धार तुटायची. तिनं फळीवर नखानं खूण केली. झालं.

खरं तर गोष्ट इथं संपायला हवी. कष्ट, चिकाटी, यश, आणि तुम्ही झोपायला मोकळे. पण त्या जंगलात एक प्रथा होती.

पहिल्या शर्यतीला पाहुणा म्हणून हत्ती आला होता. त्याला होडी दाखवली. काहीतरी करायला हवं म्हणून त्यानं सोंडेनं मोटरची मूठ एकदा फिरवली. मोटर वर सरकली आणि टाळ्या पडल्या. तेव्हापासून प्रत्येक पाहुण्यानं प्रत्येक होडीची मूठ एक आटा, म्हणजे एक पूर्ण फेरा, फिरवायची, असं ठरलं. त्याला म्हणायचे मानाचा आटा. तो कायम वरच. खालचा आटा हा अपशकुन.

यंदा तीन पाहुणे येणार होते. अध्यक्ष गवासाहेब, बगळे मास्तर आणि कोल्हे वकील. सुळकी हुशार होती. तिनं मोटर खुणेच्या खाली तीन आटे उतरवून ठेवली. तिघं तीन आटे देतील आणि मोटर बरोबर खुणेवर येईल. पाहुण्यांचा मानही राहील आणि डोहही मिळेल. पाहुणे धरून भात टाकतात तसा हा हिशेब. असा हिशेब फक्त आपल्याकडे करतात, आणि तो चुकतोही फक्त आपल्याकडे.

शर्यतीचा दिवस उजाडला. निवेदन साळुंकीताईंकडे होतं.

गवासाहेब आले. त्यांनी आटा दिला.

बगळे मास्तर आले. "सुळके, मासा धरायला तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच, मास्तर."

मास्तर गहिवरले आणि त्यांनी आटा दिला.

कोल्हे वकिलांनी छोटंसं भाषण करून आटा दिला. मोटर खुणेवर आली. सुळकीनं सुस्कारा सोडला आणि होडीत पाय टाकला.

"थांबा, थांबा!" साळुंकीताई म्हणाल्या. "एक नाव अनवधानानं राहून गेलं. आपले माजी अध्यक्ष साळिंदरकाका गर्दीत उभे आहेत. केवढा हा साधेपणा!"

काका "नको, नको" म्हणत पुढे आले. नको नको म्हणतच त्यांनी आटा दिला.

"आणि आजच्या चहापाण्याची सोय ज्यांनी केली ते रानकोंबडे पतिपत्नी. या, जोडीनं या!"

जोडीनं म्हणजे दोन आटे.

सुळकीनं मनात आटे मोजले. तेवढ्यात गर्दीतून तिची सख्खी मावशी पुढे आली.

"मी ओढ्यावरून चालत आले. कोंबड्यांना मान, आणि मावशीला नाही?"

"मावशे, तसं नाही गं. मोटर आता पाण्याबाहेर जाईल."

"जाऊ दे की वर! मी काय तुला खाली ओढायला आलेय?"

आणि मावशीनं अगदी मायेनं आटा दिला.

सुळकीनं मूठ धरली. उलटी फिरवायची म्हणूनच धरली. बगळे मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मावशीनं पदर डोळ्यांना लावला. सुळकीचा हात मुठीवरून सुटला आणि तिनं सगळ्यांना नमस्कार केला.

भीड ही भिकेची बहीण, हे तिला माहीत होतं. पण भीड समोर उभी होती आणि भीक उन्हाळ्यात यायची होती.

तुम्ही म्हणाल, काय वेडी! मीही तेच म्हणालो असतो. पण परवा एका घरी माझ्या चहात तिघांनी तीनदा साखर घातली आणि मी तो चहा 'वा' म्हणून संपवला. तेव्हा मी गप्प बसतो.

शिट्टी वाजली. सुळकीची मोटर अशी काही गरजली की टाळ्यांचा कडकडाट झाला. पंखा हवा कापत होता, म्हणून तो आवाज होता. होडी जागची हलेना. सुळकी सरकून पार मागे बसली. तिच्या भारानं होडीचं मागचं टोक दबलं, पंख्याला पाणी लागलं आणि होडी सुटली. बाकीच्या होड्या मान घेऊन जागच्या जागीच गरजत होत्या, पुढे फक्त सुसरबाईची होडी फटफटत चालली होती. तिची मोटर इतकी खाली होती की होडी पाणी नांगरत होती. सुळकीनं तिला मागे टाकलं. काठावर पिल्लं नाचायला लागली.

मग वळण आलं. वळणावर होडी कलली आणि पंख्यानं पुन्हा हवा गिळली. सुळकीनं मागे पाहिलं. पाण्याची धार बंद झाली होती.

तिथं थांबली असती तर मोटर वाचली असती. हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. पण एका बाजूला पिल्लं दिसत होती आणि दुसऱ्या बाजूला डोह दिसत होता. ती थांबली नाही.

आधी जळका वास आला. मग कडाड् आवाज झाला आणि मोटर जागच्या जागी जाम झाली. होडीचं नाक पाण्यात घुसलं आणि सुळकी लांब फेकली गेली. पाणमांजर म्हणून वाचली. सुसरबाई शेजारून फटफटत गेली आणि पहिली आली.

लगेच चौकशी समिती बसली. मोटर अगदी योग्य उंचीवर होती, असं समितीला आढळलं. इतक्या थोरांचे हात लागलेली मोटर चुकीच्या उंचीवर असेलच कशी? तळ्याचं पाणीच खाली गेलं होतं. तळ्याच्या निषेधाचा ठराव एकमतानं झाला. अनुमोदन मावशीनं दिलं.

सुळकी डोहाकडे गेली. सुसरबाई सामान लावत होती.

"सुसरबाई, तुझी मोटर एवढी खाली कशी? पाहुणे आले नाहीत तुझ्याकडे?"

"आले की. सगळे आले."

"मग?"

"मी जांभई दिली."

सुळकी पिल्लांना घेऊन ओढ्याच्या वाटेला लागली. धाकटा सारखा विचारत होता, "आई, आपण डोहात कधी जायचं?"

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली. आणि पुढच्या वर्षी पाहुणे नक्की किती येणार, हे साळुंकीताईंना आत्ताच विचारून ठेवायला हवं, असं तिच्या मनात आलं.

तात्पर्य : मोटर केसभर वर घ्यावी, पाण्यात नेऊन पाहावी, धार तुटली की खाली आणावी. एवढे कष्ट करणाऱ्यानं आधी दात दिसतील अशी जांभई द्यायला शिकावं, नाहीतर कष्ट करूच नयेत. मी स्वतः रोज आरशासमोर सराव करतो. काल घरी सल्ला द्यायला चौघं आले, तेव्हा मी जबडा फाकवून जांभई दिली. त्यांनी माझ्या अंगावर पांघरूण घातलं, दिवा मालवला आणि अंधारात सल्ला पूर्ण केला.