ताकाच्या पुडीतला वरताळा

हात राखून देणं मला जमत नाही, सुप्याच्या बाजारात कुणालाही विचारा! कांदा असो नाहीतर बाजरी, काटा बरोबर आला तरी वर मूठभर टाकल्याशिवाय मी पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. ह्या वरच्या मुठीला आम्ही वरताळा म्हणतो. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी, तिला तर दोन मुठी. तेव्हा चौऱ्याण्णव साली माझ्या सुकन्यानं चार पुड्या बांधायला सांगितल्या, तर मी म्हणालो, पोरी, हेच करत जन्म गेला माझा, तू निवांत बाटल्या धू.

सुकन्या दहावीला होती. तिला अकरावीला शास्त्र घ्यायचं होतं, तेही बारामतीला, वसतिगृहात राहून. घरात शब्द चालायचा माझ्या थोरल्या भावाचा, हिंदुरावअण्णांचा. त्यांनी सांगून ठेवलं होतं, विज्ञान प्रदर्शनात नंबर आला तर बारामती, नाहीतर शिक्षण बास. पोरगी महिनाभर त्या नंबरावरच जगत होती.

प्रयोग साधा होता. चार बाटल्यांत ताक, लिंबाचा रस, चिंचेचं पाणी आणि साधं पाणी. फुग्यात खायचा सोडा भरायचा, फुगा बाटलीच्या तोंडावर चढवायचा आणि उचलून सोडा आत सांडायचा. कुठला फुगा किती सेकंदांत ताठ होतो, त्यावरून कशात क्रिया लवकर होते ते कळतं. सोडा मात्र सगळीकडं सारखा पाहिजे. घरी तिनं सातदा करून बघितलं. दर वेळी लिंबू पहिलं, चिंच दुसरी, ताक तिसरं आणि पाण्याचा फुगा मान टाकून बसलेला. तसा तिनं तक्ता काढला.

सोडा तिनंच शाळेच्या छोट्या काट्यावर मोजला, चार कागदांवर ठेवला आणि बाटल्या धुवायला गेली. मला फक्त कागद दुमडायचे होते. पण ढीग कसले, नुसती चिमूट चिमूट. एवढ्याशा सोड्यावर पोरगी नंबर आणणार? हात आपोआप सोड्याच्या डब्यात गेला. पहिला कागद ताकाचा, म्हणजे भवानी. तिला दोन चमचे. लिंबाला आणि चिंचेला एकेक चिमूट. पाण्याला काही दिलं नाही. त्याचा फुगा तसाही उठत नव्हता.

प्रदर्शन बारामतीच्या एका शाळेत होतं. खोकं उचलायला म्हणून मी बरोबर गेलो. तपासायला कॉलेजातल्या बाई आल्या, चष्मेवाल्या, कडक इस्त्रीची साडी. सुकन्यानं न अडखळता सगळं सांगितलं आणि एकेक फुगा उचलला. लिंबू अजून अर्ध्यावर होतं, तोवर ताकाचा फुगा टम्म झाला, सुटला आणि थेट पंख्याला जाऊन धडकला. मागोमाग ताकाचा फवारा! बाईंचा चष्मा, बाईंची साडी, शेजारच्या पोराचा ज्वालामुखी, सगळं पांढरं झालं. सगळे हसले. मीही हसलो.

बाईंनी चष्मा पुसला आणि तक्त्यावर बोट ठेवलं.

"इथं तर ताक तिसरं आहे. हे आकडे कुठून उतरवलेस?"

"मोजून काढलेत, बाई. सातदा."

बाई कागदावर काहीतरी लिहायला लागल्या. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या दोन चमच्यांनी पोरगी खोटी पडत होती. मी गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. पण तिच्या तोंडाकडं बघवेना.

"बाई, आकडे खरं हायती," मी म्हणालो. "सोडा खोटा हाय. म्या ज्यादा टाकला."

किती टाकला, म्हणाल्या. मी म्हणालो, मोजला नाही. बाईंनी लिहिलेलं खोडलं, सुकन्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, तुझं काम चोख आहे. पण घरच्यांचा हात लागला की नंबर देता येत नाही, नियमच आहे.

येताना यष्टी मोरगावला थांबली. सुकन्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तात्या, कमी देणं पाप, हे तुमीच शिकवलं. पर आमच्या शास्त्रात जास्त देणंबी चूकच असती."

जन्मभर मी वरची मूठ टाकत आलो. समोरच्याला ती हवी आहे का, हे कधी विचारलंच नव्हतं. फार वाईट वाटलं.

अण्णा ओट्यावरच बसले होते. नंबर विचारला, सुकन्यानं मान खाली घातली. मी सगळं सांगून टाकलं, भवानीसकट. म्हटलं, चूक माझी हाय, शिक्षा तिला नको. अण्णांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कुंडलिक," ते म्हणाले, "ही हितं तुझ्याजवळ ऱ्हायली तर हिला सरळ मोजता यायचं न्हाय. बारामतीलाच धाड हिला."

पोरगी आईला सांगायला आत पळाली. माझ्यामुळंच ती बारामतीला शिकली, हे मी आजही चारचौघांत छाती काढून सांगतो. पुढं कुणी काही विचारायच्या आत विषय बदलतो.